इटलीचा हंगाम

३० नोव्हेंबर, रविवार. बिलोली

बिलोली तालुक्यात जांभळी मेणबत्ती मिळत नाही, या गंभीर प्रश्नाकडे आजवर एकाही वृत्तपत्राचं लक्ष गेलेलं नाही. मी स्वतः तीस वर्षं वार्ताहर असून मलाही हे आजच कळलं, यावरून जिल्ह्यातल्या पत्रकारितेची अवस्था ओळखावी. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे रविवार चार, मेणबत्त्या चार. त्यांतल्या तीन जांभळ्या, एक गुलाबी. काल पाच दुकानं पालथी घातली. एकाकडे लाइट गेल्यावर लावायच्या पांढऱ्या. दुसऱ्याकडे वाढदिवसाच्या, फुंकर मारली तरी पुन्हा पेटणाऱ्या. तिसरा म्हणाला, "जांभळी कशाला पायजे सर? उजेड तर पिवळाच पडतो की." याला धर्मशास्त्रात उत्तर नाही. शेवटी पांढऱ्याच आणल्या आणि सहा वर्षांच्या अंबिकाने त्या स्केचपेनने रंगवल्या. रंग तिच्या हनुवटीवर जास्त बसला.

मेणबत्त्यांभोवतीचं हिरवं चक्र करंजाच्या पानांचं केलं होतं. पहिली मेणबत्ती पेटवून मी प्रार्थनेसाठी डोळे मिटले, तेवढ्यात मागच्या दाराने शेळी आली आणि देवाच्या अनंतत्वाचं प्रतीक तिसरा हिस्सा खाऊन गेली. पोरांना एवढी रंगलेली उपासना पूर्वी मिळाली नसावी.

मी इथे का आहे, हे लिहून ठेवलेलं बरं. हे बालगृह माझी थोरली बहीण, सुकन्याक्का, चालवते. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, ती लातूरला आमच्या घरी पडून आहे आणि नाताळपर्यंत तिच्या जागी मी. लेकरं सोळा. अक्काचा भाऊ म्हणून मी सगळ्यांचा मामा. मला स्वयंपाक येत नाही, वेण्या घालता येत नाहीत, शेळी हाकलता येत नाही. संस्कृत येतं. आमचे वडील मिशनचे उपदेशक. ख्रिस्त्याच्या पोराची जीभ जड असते असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी मला संस्कृतात एम.ए. करायला लावलं. त्याचा उपयोग बाजारभावाच्या बातम्या देताना झाला असेल तेवढाच.

२ डिसेंबर, मंगळवार

अक्काने फोनवरून कामांची यादी दिली. सगळ्यांत वर तनुजा आणि अंबिका. या दोघी बहिणी २१ तारखेला इटलीला जाणार. तिथल्या एका जोडप्याने त्यांना दत्तक घेतलंय, आदेश झाला, पासपोर्ट आले. पोरींची मनाची तयारी करून घेणं हे माझ्याकडे. अक्का म्हणाली, "तू बोलण्यात हुशार हायस, कर काहीतरी."

म्हणून दुपारी भिंतीवरच्या नकाशापुढे बसवून दोघींना इटली दाखवली. बूट दाखवला. अंबिकाने दुसरा बूट कुठाय असं विचारलं. तनुजा अकरा वर्षांची, पाचवीत. प्रौढ बाईसारखी हाताची घडी घालून ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, तिथं पाडव्याला सुट्टी असती का?"

मी म्हटलं, "पाडवा नसतो, पण ईस्टर असतो. तोही साधारण त्याच दिवसांत येतो. चांगली मोठी सुट्टी असते." चांद्र कालगणनेवर थोडं बोललोही.

"मंग झालं," ती म्हणाली आणि खेळायला गेली.

जिज्ञासू मुलगी आहे. मला तर वाटतं, हिच्यात खगोलाचं अंग आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज इटलीच्या त्या जोडप्याशी, मार्ता आणि पावलो यांच्याशी, व्हिडिओवर बोलणं. सहा वर्षं वाट पाहतायत बिचारे. मार्ताने कागदावर देवनागरीत लिहिलेलं वाचलं, "अंबिका, तू जेवलीस का?" आमच्या शिक्षणाधिकाऱ्यांपेक्षा उच्चार स्वच्छ. पावलोने पोरींसाठी रंगवलेली खोली दाखवली, दोन पलंग, खिडकीतून डोंगर. पोरींना सकाळी काय आवडतं, असं मार्ताने विचारलं. मी सांगितलं, सुशीला. तिला वाटलं मैत्रिणीचं नाव आहे. मग चुरमुरे भिजवायचे, पिळायचे, फोडणीत टाकायचे, हे सगळं मी इंग्रजीतून सांगितलं. 'पिळायचे'ला पुरेसं इंग्रजी सापडलं नाही, हाताने करून दाखवलं. पावलो मान वळवून डोळे पुसत होता. चुरमुऱ्यांवर रडलेला पहिलाच माणूस पाहिला.

गुरम्मा दारात उभी राहून बघत होती. ती इथली स्वयंपाकीण, देगलूरकडची, पंधरा वर्षं अक्काजवळ आहे. म्हणाली, "मानसं गोड हायत हो, रविदादा. त्येंचं बी वाईट वाटतंय."

'बी' का, ते मी विचारलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

दुसरी मेणबत्ती. या रविवारी वाट तयार करण्याबद्दल बोलायचं असतं. मी लेकरांना विचारलं, तुम्ही कुणाकुणाची वाट बघता? उत्तरं आली ती अशी: नाताळच्या केकची, गावातल्या जत्रेची, शेळीच्या पिलाची. तनुजा म्हणाली, "आजीची." मी म्हटलं, आणि इटलीच्या मम्मी-पप्पांची? ती म्हणाली, "त्येंची बी."

दुपारी दोघींची फाइल काढून बघितली, प्रवासाचे कागद नीट लावायचे होते. त्यात आजीने पोरी सोपवल्याचा गेल्या वर्षीचा कागद सापडला. मजकूर माझाच, अक्षरही माझंच. 'सदर बालिकांचे संगोपन करण्यास मी सर्वथा असमर्थ असून, कोणाच्याही दबावाविना, स्वेच्छेने...' वाक्याला चांगला तोल आहे. बाल कल्याण समितीच्या बाईंनी तेव्हा कौतुक केलं होतं.

तो दिवस आठवला. दिवाळीनंतरचा आठवडा. कापणीच्या सणासाठी मी इथे आलेलो. पोरींची आजी तुळजाबाई दोघींना घेऊन आली. आई-बाप उसाच्या ट्रॅक्टरखाली गेले, तेव्हापासून तीच सांभाळायची. तिची ऊसतोडीची टोळी निघाली होती, रस्त्यावर ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून वाजवून पाखरं उडवत होता. अक्का म्हणाली, रवी, कागद तू लिही, तुझी भाषा चांगली. मी लिहिला. म्हातारीने दोनच प्रश्न विचारले.

"पोरी हितंच ऱ्हातील न्हवं?"

"हो, इथेच."

"खायला मिळंल न्हवं?"

"तिन्ही वेळ."

मग अंगठा. एवढा दाबून लावला की शाई मागच्या पानावर उमटली. वाचून दाखवायला हवं होतं. पण त्या हॉर्नपुढे माझं तोल साधलेलं गद्य कुणाला ऐकू गेलं असतं? मन बदललं तर दोन महिन्यांची मुदत असते. कुणी आलं नाही. वर्षभरात कुणी भेटायला आल्याचीही नोंद नाही. म्हणून पोरी दत्तक जायला मोकळ्या झाल्या, म्हणजे कायद्याने.

८ डिसेंबर, सोमवार

शेळीने उरलेलं चक्र संपवलं. आता नुसत्या चार मेणबत्त्या, ताटलीत.

१० डिसेंबर, बुधवार

आज गुरम्माने धपाटे थापता थापता सहज म्हटलं, "पाडव्याला तुळजा येईल तवा पोरी नसतील. कोन सांगनार हाय तिला? तुमी का मी?"

मी म्हटलं, "तुळजाबाई कशाला येईल?"

"अय्यो! म्हंजे? गेल्या पाडव्यालाच येनार व्हती की. गाडीवरनं पडली, पाय मोडला. तिकडंच कर्नाटकात पावन्याकडं ऱ्हायली. माझ्या फोनवर फोन आला व्हता तिचा. म्हनली, पुढल्या पाडव्याला टोळी परतली की न्यायला येते, पोरीन्ला सांग. मी सांगितलं पोरीन्ला."

"गुरम्मा, हे अक्काला का नाही सांगितलंस?"

"मला कुनी इचारलं? हापिसात चपला घालून येऊ नको म्हनता, मी येतच न्हाई." धपाटा तव्यावर टाकला. "गावातल्या शाळंत सीझनपुरतं वसतिगृह असायचं, मायबाप गेल्यापासनं दर साली तिथं ठिवायची. त्या साली ते चालूच झालं न्हाई. म्हनून हितं आनल्या. अंगठा तर तिथं बी दर साली लावायची."

धपाटा करपेपर्यंत आम्ही दोघं तव्याकडे बघत होतो.

११ डिसेंबर, गुरुवार

अक्काला फोन केला. गुरम्माचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिला म्हायती होतं. अंगठा लावलाय तिनं."

"अक्का, तिला वाटलं हंगामापुरतं."

"तुला कसं ठाऊक तिला काय वाटलं?"

"आपण सांगितलं नाही, हे तर ठाऊक आहे."

"रवी, ऐक. आता समितीला कळवलं तर चौकशी लागेल. परवाना जाईल. बाकीची चौदा लेकरं कुठं टाकतील? एक नांदेडला, एक औरंगाबादला. आणि थांबवून करायचं काय? म्हातारी सत्तरीची. पोरी पाचटाच्या कोपीत ऱ्हातील, दोन वर्षांत तनुजाच्या हातात कोयता येईल, नाहीतर लग्न. हे पायजे का तुला?"

 तिचं एकही वाक्य खोटं नाही.

"प्रार्थना कर," ती म्हणाली.

"काय मागू?"

"ते प्रभूला ठरवू दे." आणि ड्रेसिंग करायला घरी नर्स आली म्हणून फोन ठेवला.

१३ डिसेंबर, शनिवार

गुरम्माच्या फोनमधल्या नंबरावरून टोळीचा पत्ता लागला. पहाटेच्या एसटीने देगलूर, तिथून उदगीर, मग कर्नाटकची गाडी आणि शेवटी एका मोटारसायकलवर मागे. सोळा लेकरं गुरम्मावर सोपवली. तिने डबा दिला.

तुळजाबाई उसाच्या फडात मोळ्या बांधत होती. पाय ओढत चालते. मला ओळखलं, पदर सारखा केला आणि पहिलं विचारलं, "पोरी बऱ्या हायत न्हवं?"

"बऱ्या आहेत."

"मंग यवढ्या लांब का आला? बसा, च्या करते." गुळाचा चहा झाला. मी कोपीच्या दाराशी उकिडवा बसलो. वाटेभर वाक्य जुळवून नेलं होतं. ते तिथे चालेना.

"तुळजाबाई, पोरींना इटलीला पाठवतायत."

"त्यो कारखाना कुठं आला? सोलापूरच्या पल्याड?"

"कारखाना नाही, देश आहे. समुद्राच्या पल्याड. नवरा-बायको आहेत, लेकरू नाही त्यांना. ते सांभाळणार पोरींना."

तिने कप खाली ठेवला. "मानसं चांगली हायत?"

"चांगली आहेत."

"मारत न्हाईत न्हवं?"

"नाही हो. फार जीव लावतात."

"साळा?"

"शाळाही आहे."

"लई झालं मंग. मी म्हातारी काय देनार?" डोळे पुसले, पण चेहरा खुलला होता. "धाकटीला रातच्याला खोकला ऱ्हातो, तेवडं सांगा त्यान्ला." मग सहज, दुकानाची वेळ विचारावी तसं विचारलं, "त्येंचा सीझन कवा संपतो?"

मी इथेच सांगायला हवं होतं. संपत नाही, तुळजाबाई. तो कागद हंगामाचा नव्हता. एवढंच. त्यात एकही जोडाक्षर अवघड नाही.

"पाडव्याला," मी म्हणालो.

"मंग माझा बी तवाच." ती उठली, फडातून आठ कांड्या निवडून तोडल्या, पाचटाने बांधून दिल्या. परतीच्या एसटीत कंडक्टर उसाला तिकीट मागत होता. मी दिलं. भांडलो नाही म्हणून त्यालाच चुकल्यासारखं झालं.

१४ डिसेंबर, रविवार

तिसरी मेणबत्ती, गुलाबी. आनंदाची. पोरांनी ऊस खाल्ला, अंगणभर चोयट्या.

तनुजाने विचारलं, "आजी भेटली व्हय मामा? काय म्हनली?"

"पाडव्याला येते म्हणाली."

हे अक्षरशः खरं आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

तनुजाला सगळं सांगायचं ठरवून तिला पिंपळाखाली नेलं. सांगण्याऐवजी विचारून बसलो. "समितीच्या बाईंनी तुला विचारलं होतं ना, जाशील का म्हणून? तू काय सांगितलंस?"

"मी म्हनलं, आजी येईपतुर जाते."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"हसल्या. शानी हाय म्हनल्या. लिहून घेतलं."

फाइलमध्ये लिहिलंय, 'मुलीने आनंदाने संमती दिली.' एवढंच.

"मामा, तुमी रडताय व्हय?"

"नाही, पिंपळाचं काहीतरी डोळ्यात गेलं."

"पिंपळाचं काय जातंय डोळ्यात?" म्हणाली आणि फ्रॉकच्या टोकाला फुंकर घालून माझ्या डोळ्यावर धरलं. तिची आई करत असणार असं. किंवा आजी.

१७ डिसेंबर, बुधवार

आगमनकाळात त्या म्हाताऱ्या याजकाची गोष्ट वाचतात. मंदिरात देवदूताने त्याला बातमी दिली, त्याने विश्वास ठेवला नाही म्हणून मूल जन्मेपर्यंत तो मुका झाला. लहानपणापासून मला ही शिक्षा वाटायची. आज वाटलं, त्याची सोय झाली. कुणी विचारायला आलं की हाताने खुणा करायच्या. मला जीभ आहे, चांगली कमावलेली आहे, आणि गेले चार दिवस ती फक्त शेळीला शिव्या देण्यासाठी वापरतोय.

प्रार्थनेला बसलो. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणायला तोंड उघडलं आणि लाज वाटली. मी काही न करता जे होईल, त्याला देवाची इच्छा म्हणायचं, एवढी युक्ती कोणत्याही वकिलाला सुचली नसती. तसाच उठलो. बायकोला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी सांगू का काय करायचं?" मी म्हटलं, सांग. "नको," ती म्हणाली, "मग तू म्हणशील मी सांगितलं म्हणून केलं."

१८ डिसेंबर, गुरुवार

मार्ताचा फोन. बॅगा भरून झाल्या, उद्या रात्रीचं विमान, परवा हैदराबाद, रविवारी इथे.  म्हणाली, जाण्याआधी एक विचारायचंय, कागदांवर फक्त एक आजी दिसते आणि पुढे तिचं काही नाही. तिच्याकडचं कुणी आहे का? कुणासाठी काही आणू का? मुलींनी मोठेपणी विचारलं तर आम्हाला सांगता आलं पाहिजे.

देव माणसाला याहून मोठं दार उघडून देत नाही. मला वाटतं मी श्वासही घेतला बोलायला.

"नाही," मी इंग्रजीतून म्हणालो, "तसं कुणी नाही. फक्त धाकटीला रात्री खोकला राहतो."

तिने ते लिहून घेतलं. दोनदा आभार मानले.

गुरम्मा दारात होती. तिला इंग्रजी येत नाही. ती माझ्याकडे बघून आत गेली. संध्याकाळी माझं ताट दुसऱ्या पोरीच्या हातून आलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

समितीच्या कार्यालयाचा नंबर सकाळी दहाला चिठ्ठीवर लिहून समोर ठेवला. उद्या-परवा सुट्टी, म्हणजे काय करायचं ते आजच. अकराला पोरींच्या बॅगा भरल्या. तनुजाने हिवाळ्याचे कपडे एकात आणि उन्हाळ्याचे दुसऱ्यात ठेवले. दुसरी बॅग इथेच राहू द्या म्हणाली, परत आल्यावर लागेल. मी हो म्हटलं. बाराला एकदा नंबर फिरवला. दोन रिंग झाल्या, कुणीतरी 'हॅलो' म्हणालं. चांगला माणूस असावा, तीनदा हॅलो म्हणाला. मी ठेवला. तीनला पुन्हा फिरवायला घेतला, तेवढ्यात अंबिका मेणबत्त्या परत रंगवायला स्केचपेन मागत आली. ते शोधण्यात पाऊण तास गेला. पेन खिशातच होतं.

आता सहा वाजून गेलेत. कार्यालय बंद झालं.

मी स्वतःला सांगतोय की गप्प बसलो ते पोरींच्या भल्यासाठी. तिथे डोंगर आहे, शाळा आहे, हातात कोयता येणार नाही. हे सगळं खरं आहे, आणि कदाचित जास्त खरं तेच असेल. चौदा लेकरांचं छप्पर राहील, हेही खरं. पण मला काळजी त्याची नाही. काळजी ही आहे की त्या कागदावर म्हातारीच्या अंगठ्याशेजारी, 'वाचून दाखवले व समजावून सांगितले' या ओळीखाली, सही माझी आहे. आणि ती नसती तर मी आज फोन केला असता.